मात्रेची पोच

विल्हेल्म रोंटगेनला वुर्ट्झबुर्गच्या प्रयोगशाळेत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्यानंतर थोड्याच काळात ते किरण अर्बुदांवर सोडून पाहणारे धाडसी वैद्य युरोप-अमेरिकेत पुढे आले; परंतु आपण रुग्णाला किरण दिले तरी किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी एकालाही देता आले नसते. ज्या गोष्टीला वजन नाही, रंग नाही, गंध नाही, तिची मोजदाद करावी तरी कशी? तेव्हा वहिवाट अशी पडली की, रुग्णाची कातडी लाल होईपर्यंत किरण द्यावेत आणि त्या लालीलाच मात्रेचे माप मानावे. १९०४ साली पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे या दोघांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या टिकल्या प्रचारात आणल्या. किरण पडत गेले म्हणजे टिकलीचा हिरवा रंग पिवळट-तपकिरी होई, आणि तो रंग नमुन्याच्या पट्टीशी ताडून थांबावयाचे केव्हा हे वैद्य ठरवी. डोक्यावरच्या नायट्यासाठी एवढे पुरेसे होते. पोटातल्या गाठीसाठी ते मुळीच पुरेसे नव्हते.

१९२८ साली स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'रोंटगेन' हे एकक सर्वमान्य केले आणि मात्रेला प्रथमच देशोदेशी चालणारे नाणे मिळाले. तरी ते माप हवेतले होते. यंत्रातून बाहेर पडणारे किरण हवेच्या ठरावीक आकारमानात किती विद्युत्भार उत्पन्न करतात हे पदार्थविज्ञानाचा पंडित मोजी. मग कातडी, चरबी, स्नायू आणि हाड ओलांडून त्यातले किती गाठीपर्यंत उतरत असतील याचा अजमास पाण्याच्या टाकीत केलेल्या मोजण्यांवरून आणि कोष्टकांवरून बांधला जाई. सरकारी खजिन्यातून रवाना झालेल्या रकमेची नोंद दफ्तरात तपशीलवार असावी आणि ती रक्कम तालुक्याला पोचल्याची पावती मात्र कोणी कधी मागू नये, अशी काहीशी ही व्यवस्था होती. गणित उत्तम होते, ते करणारे लोक प्रामाणिक होते, आणि बहुतेक रकमा बहुतेक वेळा पोचतही असत. म्हणूनच ती पोच मागण्याची निकड दीर्घकाळ कोणाला भासली नाही.

निकड भासलेला एक मनुष्य त्याच स्टॉकहोममध्ये होता. रॉल्फ सीव्हर्ट हा तेथील रेडियम रुग्णालयाशी संबंधित असलेला भौतिकीविद. त्याने अगदी लहान आकाराच्या आयनीभवन-कुप्या बनविल्या. कुपीत विद्युत्भार भरून ठेवावयाचा, तिला कोणतीही तार न जोडता किरणांच्या वाटेत ठेवावयाचे, आणि नंतर काढून घेऊन भार किती उतरला ते पाहावयाचे, अशी ती युक्ती होती. शरीराच्या नैसर्गिक पोकळ्यांत अशी कुपी ठेवता येई. म्हणजे पोच मिळे, पण ती कुपी जेथे जाऊ शकते आणि जेथून परत येऊ शकते तेवढ्याच ठिकाणांपुरती. पुढे १९५० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फॅरिंग्टन डॅनियल्स आणि त्याच्या मागोमाग जॉन कॅमेरॉन यांनी लिथियम फ्लोराइडचे स्फटिक या कामी लावले, जे किरणांची ऊर्जा आत साठवून ठेवतात आणि तापविले म्हणजे प्रकाशरूपाने परत करतात. हेही साधन नामी होते. पण त्यालाही वाचण्यासाठी देहाबाहेर काढावे लागे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये मात्रेच्या प्रश्नाला असे वळण मिळाले की, त्याचा गुंता आजवर पुरता सुटलेला नाही. लुई हॅरल्ड ग्रे हा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत घडलेला, स्वभावाने अत्यंत सौम्य आणि प्रयोगात अत्यंत कठोर असा शास्त्रज्ञ. १९५३ साली त्याने आपल्या चार सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दाखवून दिले की, किरण पडतेवेळी पेशीभोवती प्राणवायू किती आहे यावर त्या किरणांचा मारकपणा अवलंबून असतो. प्राणवायूविना गुदमरलेली पेशी मारावयाची तर सुमारे तिप्पट मात्रा द्यावी लागते. दोन वर्षांनी टॉमलिन्सनच्या सहकार्याने त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा आढळले की रक्तवाहिनीपासून दीड-दोनशे मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतके दूर गेले की अर्बुदातील पेशी मरून पडलेल्या असतात, आणि त्या मृत प्रदेशाच्या सीमेवर अर्धपोटी जगणाऱ्या, म्हणूनच किरणांना दाद न देणाऱ्या पेशींची एक वस्ती असते. या निष्कर्षाचा अर्थ असा की, गाठीपर्यंत मात्रा किती पोचली एवढेच विचारून भागत नाही; ती पोचली तेव्हा गाठीची अवस्था काय होती, हेही विचारावे लागते. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन याने लगोलग रुग्णांना दाबाखालच्या प्राणवायूच्या पेटीत झोपवून किरणोपचार करून पाहिले. पेटीत प्राणवायू भरता येत होता. गाठीत तो गेला की नाही हे कळण्याचा रोजचा मार्ग नव्हता. प्राणवायूमापक विद्युत्अग्र अमेरिकेच्या लेलंड क्लार्कने नुकताच सिद्ध केला होता. परंतु त्यासाठी उपचाराच्या प्रत्येक दिवशी रुग्णाच्या गाठीत सुई खुपसणे ही कल्पना कागदावरदेखील बरी दिसत नाही.

आता या कथेचा दुसरा प्रवाह. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत तो मनुष्याच्या पोटात जाऊन पोचला. १९५७ हे साल यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बर्टिल याकोबसन आणि अमेरिकेचा स्टुअर्ट मॅके यांनी गिळता येण्याजोगी एक बिनतारी कुपी तयार केली. तिच्यात एकच ट्रान्झिस्टर होता, आणि त्या एका ट्रान्झिस्टरच्या जोरावर ती आतड्यातील दाब व उष्णतामान या दोहोंची खबर बाहेर धाडीत असे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर फॅरर आणि व्लादिमिर झ्वोरिकिन यांनीही दाब सांगणारी अशीच कुपी जाहीर केली. हा झ्वोरिकिन म्हणजे दूरचित्रवाणीच्या आद्य जनकांपैकी एक. रशियातील मुरोम गावी जन्मलेला हा यंत्रविशारद उतारवयात वैद्यकीय यंत्रांकडे वळला होता. ड्रेस्डेनला मानफ्रेड फॉन आर्देनेनेही त्याच काळात तशीच कुपी केली. तीन देशांतल्या लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचावी यात गूढ असे काही नाही. ज्या सामग्रीची उणीव होती ती एकाच वेळी बाजारात आली, एवढेच त्याचे कारण. मॅकेला मात्र या विषयाचे जन्माचे वेड लागले. पुढे त्याने गालापागोस बेटांवर जाऊन राक्षसी कासवांच्या आणि समुद्री सरड्यांच्या अंगात प्रक्षेपक ठेवून त्यांचे उष्णतामान टिपले, आणि या विद्येवर एक जाडजूड ग्रंथही लिहिला.

गिळलेली कुपी एक-दोन दिवसांत आपण होऊन बाहेर पडते. देहात कायम ठेवावयाच्या यंत्राची गोष्ट वेगळी, आणि तिचा आरंभही त्याच कॅरोलिन्स्का संस्थेत झाला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद ओके सेनिंग याने आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाच्या शरीरात हृदयाची गती राखणारे यंत्र संपूर्णपणे आत बसविले. ते घडविले होते रूने एल्मक्विस्ट याने, आणि त्याचे राळेचे वेष्टण ओतताना साचा म्हणून बुटांच्या पॉलिशची डबी वापरली होती. ते यंत्र काही तासच चालले. तरी लार्सन मेला नाही. पुढच्या आयुष्यात एकामागून एक सव्वीस यंत्रे वापरून, ज्या दोघांनी त्याला जगविले त्या दोघांच्याही मागे राहून, तो २००१ च्या अखेरीस वारला, आणि वारला तो हृदयविकाराने नव्हे, त्वचेच्या कर्करोगाने. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सव्वीस यंत्रे बदलावी लागली यात पुढील सर्व अडचणींचे बीज आहे. आत ठेवलेल्या यंत्राला शक्ती हवी, शक्तीला बॅटरी हवी, आणि बॅटरी संपते. ही अडचण उल्लंघिण्याचा मार्ग वैद्यकाच्या फार आधी हेरगिरीने शोधून काढला होता. १९४५ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी वकील अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली त्यांच्या राष्ट्राची राजमुद्रा स्नेहभेट म्हणून दिली. ती वकिलाच्या निवासस्थानी सुमारे सात वर्षे टांगलेली होती, आणि १९५२ साली उघडकीस आले की तिच्या पोटात लेव थेरेमिन या संशोधकाने रचलेले संभाषण ऐकणारे यंत्र आहे. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती, चालू-बंद करण्याची कळ नव्हती. बाहेरून दूरवरून रेडिओलहरींचा झोत त्यावर टाकला म्हणजेच ते जागे होई, आणि खोलीतील आवाजाने त्याचा पडदा थरथरला की परत फिरणाऱ्या लहरींत ती थरथर उमटे. झोत बंद केला की ते पुन्हा निव्वळ धातूचा तुकडा. याच तत्त्वावर, म्हणजे स्वतःची शक्ती न बाळगता विचारणाऱ्याच्या शक्तीवर उत्तर देण्याच्या रीतीने, १९६७ साली कार्टर कॉलिन्सने डोळ्यातील दाब मोजणारा अवघ्या काही मिलिमीटरचा संवेदक सादर केला. थेरेमिनची युक्ती कॉलिन्सने घेतली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु निसर्गाचा नियम एकदा प्रकट झाला की तो राजनीती व वैद्यक असा भेद करीत नाही. तेव्हापासून देहातील बिनतारी संवेदकांची एक मोठी शाखा याच बिनबॅटरीच्या वंशातली आहे.

तिसरा प्रवाह आकाशातून आला, असे म्हटले तरी चालेल. कृत्रिम उपग्रह अवकाशात फिरू लागले तेव्हा त्यांच्यातील सिलिकनच्या नाजूक भागांवर अवकाशातील किरणांचा मारा होऊन ते बिघडू लागले, आणि यंत्रज्ञांना असे दिसले की ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात विद्युत्भार अडकून बसतो, त्यामुळे तो चालू होण्यास लागणारा विद्युत्दाब हळूहळू सरकतो. इतरांनी या गोष्टीकडे दोष म्हणून पाहिले. इंग्लंडच्या अँड्र्यू होम्स-सीडलने तिच्याकडे साक्षीदार म्हणून पाहिले, आणि १९७४ साली असा प्रस्ताव मांडला की, दाब किती सरकला यावरून किरणांची मात्रा काढता येईल. या मापकाचा मोठा गुण म्हणजे तो विजेवाचून लक्षात ठेवतो. किरण पडत असताना त्याला शक्ती पुरवावी लागत नाही. नंतर केव्हाही विचारले तरी तो आपल्यावर आजवर एकूण किती मात्रा पडली ते सांगतो. आकाराने हा तांदळाच्या दाण्याहून लहान करता येतो. बिनबॅटरीची बिनतारी विद्या आणि हा विसर न पडणारा मापक, यांची गाठ पडली की सीव्हर्टच्या कुपीला जे जमले नव्हते ते जमणार होते: आत ठेवावे आणि बाहेर न काढता वाचावे.

गाठ पडण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि ती पडली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात. चार्ल्स स्कॅरँटिनो हा किरणोपचाराचा डॉक्टर आणि ट्रॉय नेगल हा तेथील राज्य विद्यापीठातला विद्युत् अभियंता, यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुदातच ठेवावयाच्या संवेदकाची कल्पना रचली. २००२ साली त्यांना मिळालेल्या एकस्वाचा दस्तऐवज वाचला म्हणजे त्यांचा मूळ हेतू किती व्यापक होता हे ध्यानात येते. गाठीतील प्राणवायू, तिची आम्लता, तिचे उष्णतामान, तिच्या पेशींच्या वाढीचा वेग, अशा कित्येक गोष्टी उपचार चालू असताना दिवसेंदिवस टिपून, गाठ कोणत्या दिवशी सर्वांत दुर्बळ आहे ते ओळखावे आणि त्या दिवशी तिच्यावर घाव घालावा, अशी ती योजना होती. ग्रेने जो प्रश्न विचारला होता त्याचे ते थेट उत्तर ठरले असते. मात्र मोरिसव्हिल येथे सिसेल टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी उभी राहून जी वस्तू प्रत्यक्ष बाजारात आली ती यांपैकी एकही गोष्ट मोजीत नव्हती. ती मोजी फक्त मात्रा.

हा संकोच का झाला असावा हे समजणे अवघड नाही. प्राणवायू मोजणारा संवेदक देहातील द्रवांना उघडा ठेवावा लागतो, आणि परक्या वस्तूभोवती तंतुमय ऊतींचे वेष्टण विणून तिला कोंडून टाकणे हा देहाचा जन्मजात धर्म असल्यामुळे, काही आठवड्यांत तो संवेदक गाठीचा प्राणवायू सांगण्याऐवजी स्वतःच्या कोठडीतला प्राणवायू सांगू लागतो. मात्रेच्या मापकाला ही बाधा नाही. काचेत बंद करून ठेवला तरी किरण काचेतून आत येतातच. जे करता येण्याजोगे होते ते त्यांनी केले, आणि ते चोख केले. सुमारे २ सेंटीमीटर लांबीची व २ मिलिमीटर जाडीची काचेची कुपी, आत मात्रामापक आणि एक लहानसे तारेचे वेटोळे. ती सुईवाटे गाठीत किंवा शस्त्रक्रियेनंतर गाठीच्या जागी बसवावयाची, आणि रोजचा उपचार झाला की बाहेरून एक वाचकयंत्र अंगाजवळ धरावयाचे, म्हणजे त्याच्याच शक्तीने कुपी जागी होऊन आकडा सांगे. प्रथम नैसर्गिक अर्बुदे झालेल्या कुत्र्यांवर आणि मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. २००६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिली, आणि स्तन व प्रोस्टेट ग्रंथी यांच्या कर्करोगात तिचा वापर सुरू झाला.

काळही अनुकूल होता. २००० च्या ऑगस्टपासून पुढच्या मार्चपर्यंत पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एक भयंकर प्रकार घडून गेला होता: किरण अडविणाऱ्या ठोकळ्यांची माहिती उपचार-नियोजनाच्या संगणकात भरण्याची रीत बदलल्यामुळे वेळेचा हिशेब चुकला आणि २८ रुग्णांना ठरविल्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळाली. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेने चौकशी केली, अहवाल लिहिला. रवानगीचे कागद ठाकठीक होते. पोच कोणी पाहिली नव्हती. इकडे किरणांची एकके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ सालीच असे सांगून ठेवले होते की, गाठीला मिळणारी मात्रा योजलेल्या मात्रेच्या शेकडा ५ च्या आत असावी. तेव्हा त्या मर्यादेची रुजुवात प्रत्येक रुग्णाच्या देहात, प्रत्येक दिवशी करून देणारी कुपी सर्वांनी हातोहात उचलावी, असे कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. कुपीने आपले काम केले आणि ते केल्यामुळेच ती अडचणीची झाली. काही रुग्णांत मोजलेली मात्रा योजलेल्या मात्रेपासून वरचेवर दूर जाऊ लागली, तसे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. पण दूर गेली म्हणजे चूक कोणाची? रुग्ण मेजावर किंचित तिरका झोपला असेल, श्वासाबरोबर छाती हलली असेल, मूत्राशय भरल्याने ग्रंथी सरकली असेल, संगणकाचे गणितच स्थूल असेल, किंवा कुपी स्वतःच मूळ जागेवरून एखादा मिलिमीटर ढळली असेल. आणि जेथे मात्रा झपाट्याने उतरत जाते अशा कडेच्या प्रदेशात एवढ्या ढळण्याने आकडा पुष्कळ बदलतो. एका बिंदूवरचा एक आकडा या सर्व शक्यतांमधून निवाडा करू शकत नाही. उपचार थांबवावा, की नवी योजना आखावी, की आकड्याकडेच दुर्लक्ष करावे, हे डॉक्टरने ठरवावयाचे. आणि कोणताही मार्ग घेतला तरी तो आकडा दफ्तरात कायमचा राहणार. माझा तर्क असा की, ज्या ज्ञानाने जबाबदारी वाढते पण कृतीची दिशा कळत नाही, असे ज्ञान विकत घेण्यास कोणत्याही खात्याचा उत्साह फार काळ टिकत नाही. काही वर्षांत सिसेल कंपनीचा कारभार आटोपला.

सिएटलच्या कॅलिप्सो कंपनीची कुपी तिच्याच पिढीतली; तिलाही मंजुरी २००६ सालचीच; पण तिचे दैव निराळे ठरले. ही साडेआठ मिलिमीटरची कुपी मात्रेविषयी एक अक्षर बोलत नाही. ती फक्त 'मी येथे आहे' एवढे सांगते. प्रोस्टेट ग्रंथीत अशा तीन कुप्या सुईने बसवितात, रुग्णाच्या वर धरलेली पाटी विद्युतचुंबकीय लहरींनी त्यांना चेतविते, आणि दर सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा टिपली जाते. पॅट्रिक कुपेलियनच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील पाच रुग्णालयांत केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तिने किरणोपचाराच्या जुन्या श्रद्धेला मोठा धक्का दिला. रुग्ण निश्चल पडून आहे म्हणजे त्याची गाठही निश्चल आहे असे सगळे धरून चालत. परंतु १,१५७ बैठकींपैकी शेकडा ४१ बैठकींत ग्रंथी एकूण निदान अर्धा मिनिट तरी ३ मिलिमीटर वा अधिक सरकलेली आढळली, आणि शेकडा १५ बैठकींत ५ मिलिमीटर वा अधिक. आतड्यातून वायूचा एक बुडबुडा सरकला की ग्रंथी क्षणात पुढे उचलली जाई. येथे डॉक्टरने काय करावयाचे याविषयी कसलाच संदेह नव्हता: किरण थांबवा, मेज सरकवा, पुन्हा सुरू करा. सिसेलची कुपी जे घडून गेले त्याची साक्ष देत होती, कॅलिप्सोची जे घडते आहे त्याची. २०११ साली किरणोपचार-यंत्रे बनविणाऱ्या व्हेरियन कंपनीने कॅलिप्सो विकत घेतली. तिचेही दोष होतेच. स्थूल देहाच्या रुग्णात संकेत पाटीपर्यंत नीट पोचत नसे, आणि या कुप्यांमुळे चुंबकीय प्रतिमांवर काळे डाग पडून ग्रंथीचे चित्र बिघडे. ज्यांना एवढा खर्च परवडत नसे ते सोन्याचे तीन बारीक दाणे बसवून क्ष-किरणांच्या चित्रावर काम भागवीत, आणि ते पुष्कळ अंशी भागेही.

मात्रेची पोच अखेर मिळाली, पण ती कोणत्याही कुपीने दिली नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत बेन माइन्हीर आणि त्याच्या मंडळींनी देह ओलांडून पलीकडे निघणारे किरणच एका पडद्यावर झेलले, आणि त्या चित्रावरून उलट गणित मांडून देहाच्या आत मात्रा कशी पडली ते काढले. २००५ च्या जानेवारीपासून २००९ च्या ऑगस्टपर्यंत तेथे या रीतीने ४,३३७ रुग्णांचे उपचार तपासले गेले आणि १७ गंभीर चुका उघडकीस आल्या. त्यांतील ९ अशा होत्या की उपचारापूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत त्या सापडल्या नसत्या. सुई नाही, काच नाही, शस्त्रक्रिया नाही. पडदा यंत्राला जोडलेलाच होता, तो रुग्णाची जागा पाहण्यासाठी. शिवाय ही पोच एका बिंदूची नसून संपूर्ण क्षेत्राची, त्यामुळे चूक कोठे आहे याचा मागही तिच्यात असे.

येथे सिसेलच्या कर्त्यांच्या निवडीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. अर्बुदाच्या आतून अनेक राशी मोजण्याचा संकल्प त्यांनी केला होता; त्यांच्याऐवजी त्यांनी जी एक उचलली ती मोजण्यास सर्वांत सोपी होती खरी. परंतु देहात न शिरता बाहेरून मिळण्याजोगी राशीही तीच निघाली. प्राणवायूचे तसे नाही. किरणाचा झोत पलीकडे जाताना गाठ गुदमरलेली आहे की नाही याची खबर बरोबर नेत नाही. जर्मनीत माइन्त्स येथे ह्योकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुईच्या विद्युत्अग्राने गर्भाशयमुखाच्या अर्बुदांतील प्राणवायू मोजून १९९६ साली दाखविले होते की, प्राणवायू कमी असलेल्या अर्बुदांच्या रुग्णांची गती अधिक वाईट होते, मग उपचार किरणांचा असो वा शस्त्राचा. म्हणजे ग्रेचा प्रश्न केवळ किरणांपुरताही उरला नव्हता; गुदमरलेली गाठ स्वभावानेच अधिक आक्रमक असते. अशा राशीसाठी आत कुपी ठेवण्याचे समर्थन करता येते. मात्रेसाठी ते करता येत नव्हते, हे २००६ साली कोणाला दिसले नाही याबद्दल आज दोष देणे मात्र अन्यायाचे होईल.

एडिंबरा विद्यापीठात २०१३ साली अ‍ॅलन मरे या अभियंत्याच्या पुढाकाराने हा सोडलेला धागा पुन्हा हाती घेण्यात आला. अर्बुदात बसेल एवढ्या सूक्ष्म चिपवर प्राणवायू, आम्लता व इतर खुणा यांचे संवेदक रचून किरणांची व औषधांची मात्रा त्यांच्या कौलाने ठरवावी, असा त्या योजनेचा उद्देश, आणि ब्रिटिश सरकारच्या संशोधन मंडळाने त्यासाठी ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. उंदराची गाठ लहान, तिच्यात माणसासाठी केलेली चिप मावत नाही. म्हणून त्यांनी मेंढ्या निवडल्या. मेंढ्यांना एका विषाणूमुळे फुप्फुसाचा कर्करोग निसर्गतःच होतो आणि तो मनुष्याच्या एका प्रकारच्या फुप्फुस-कर्करोगाशी पुष्कळ मिळताजुळता असतो. ग्रे आणि टॉमलिन्सन यांनीही फुप्फुसाचाच कर्करोग तपासला होता; फरक इतकाच की त्यांचे छेद मृत ऊतींचे होते, आणि येथे भूल दिलेल्या मेंढीला श्वासावाटे प्राणवायू कमी-अधिक देताच जिवंत गाठीतला आकडा चढताना-उतरताना दिसू लागला. २०२१ साली कॅलिफोर्नियात बर्कली येथे मिशेल महर्बिझच्या गटाने आणखी एक अडचण दूर केली. रेडिओलहरी खोल ऊतींत विरून जातात, म्हणून त्यांनी शक्ती व संदेश दोन्हींसाठी श्रवणातीत ध्वनीचा उपयोग केला, आणि मेंढीच्या स्नायूत खोलवर ठेवलेल्या काही मिलिमीटरच्या संवेदकाने प्राणवायूची बातमी ध्वनीवरून बाहेर पाठविली.

हे सर्व प्रयोग भुलेखालच्या प्राण्यांवरचे आणि थोड्या अवधीचे आहेत. किरणोपचार पुष्कळदा पाच-सात आठवडे चालतो. तेवढ्या काळात देह त्या चिपभोवती आपले वेष्टण विणतो, गाठ आकसते, चिपची जागा बदलते, आणि एका ठिकाणचा प्राणवायू सबंध गाठीचा मानावा की नाही हा सिसेलच्या कुपीला नडलेला प्रश्नही जागचा हलत नाही. ग्रे १९६५ साली वारला आणि पुढच्या वर्षी सीव्हर्ट. दोघांचीही नावे किरणमात्रेच्या एककांना दिली गेली आणि आज जगातील प्रत्येक किरणोपचार-कक्षात ती दररोज उच्चारली जातात. रुग्णाच्या कागदावर किती ग्रे मात्रा द्यावयाची हे दशांशापर्यंत लिहिलेले असते; त्याच्या गाठीत त्या दिवशी प्राणवायू किती होता यासाठी मात्र त्या कागदावर आजही रकाना नाही.